नळाच्या तोंडाशी कौसाबाई

आमच्या गल्लीत सगळ्यात जोराचं पाणी कौसाबाईच्या नळाला येतं, आणि सगळ्यात शेवटी पाणी भरते तीच. मोठ्या रस्त्याच्या पाइपाला गल्लीचा पाइप जिथं जोडला आहे, तिथंच तिचं घर. नळ नुसता सैल केला तरी बादली थरथरते. दुसरी कोणी असती तर तिनं अंगण धुतलं असतं, वर दोन म्हशी पाळल्या असत्या. ही बाई पाण्याच्या दिवशी आपल्या नळाच्या तोंडाला फडकं बांधते, हातात बांबूची काठी घेते आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहते. मग गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहून ओरडते, "शेपूट ओलं झालं काय होऽ?"

नवीन माणूस दचकतो. बँकेतले एक साहेब आमच्या गल्लीत भाड्यानं राहायला आले. पहिल्याच पाण्याच्या दिवशी इस्त्रीच्या कपड्यात बाहेर पडले आणि नेमकी त्यांच्या बाजूला उभी राहून कौसाबाई ओरडली. साहेब मान वळवून आपली पँट मागून पाहू लागले. गल्लीतल्या पोट्ट्यांना तो किस्सा दिवाळीपर्यंत पुरला.

खरं म्हणजे त्यात हसण्यासारखं काही नाही. कौसाबाई नागभीडकडची, धानाच्या मुलखातली. तिकडं गावोगाव तलाव, आणि तलावाखाली एकीच्या खाली एक अशा धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं. पाऊस कमी झाला की तलावाचं पाणी कोणाला कधी द्यायचं हे एक माणूस ठरवतो. त्याला पाणकर म्हणतात. गाव त्याला निवडतं, आणि एकदा निवडलं की पाटील असो की आमदाराचा साळा, पाण्याच्या बाबतीत त्याच्यापुढं कोणी तोंड उघडत नाही. कौसाबाईचा सासरा पाणकर होता. त्याचा नियम एकच. तलावापासून सगळ्यात दूरची बांधी म्हणजे शेपूट, आणि वाईट वर्षात पहिलं पाणी शेपटाला. मग तिच्या वरची बांधी, मग तिच्याही वरची, असं करत तलावाजवळच्याची बारी सगळ्यात शेवटी.

"जवळच्याले पाणी कुठी पळून चाललं?" कौसाबाई सांगते. "त्याच्या बांधीच्या काठानंच तं जाते. जाता जाता झिरपते. दूरचाच मरते जी."

हा नियम तिनं चंद्रपूर शहरात आणून नळाला लावला. लोखंडी पाइपातून काही झिरपत नाही, हे तिला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

पण तो लागू पडला. काही वर्षांपूर्वी पावसानं तोंड फिरवलं, धरणाचा तळ दिसू लागला आणि शहराला तीन दिवसाआड पाणी सुरू झालं. तेही थोडा वेळ. मग काय, घरोघरी पाणी ओढायच्या मोटारी लागल्या. पिंटूभाऊ ठेकेदाराची मोटार सगळ्यात मोठी. ती सुरू झाली की खालच्या घरांच्या नळातून नुसती हवा यायची, तीही उलटी. माझं घर गल्लीत सगळ्यात शेवटचं. माझ्या नळाला तर कोळ्यानं जाळं केलं होतं. एक दिवस दोन घरांत भांडण झालं, पाण्यानं भरलेला पितळी गुंड उचलून मारला गेला आणि एकीचं कपाळ फुटलं. डोक्यापेक्षा सांडलेल्या पाण्याची हळहळ लोकांना जास्त.

पुढच्या पाण्याच्या दिवशी कौसाबाई दारोदार गेली. "मोटार आणा." बस, एवढंच. लोक म्हणाले, आधी तुझा नळ बंद कर. तिनं सगळ्यांसमोर आपल्या नळाला फडकं बांधलं आणि त्याच्यापुढं दगड ठेवून बसली. ज्या बाईला मोटार न लावता धो धो पाणी येतं ती कोरडी बसली, आता बाकीच्यांनी काय बोलावं? संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या मोटारी तिच्या खाटेखाली गेल्या. त्याला ती कोंडवाडा म्हणते. "मोकाट जनावर दुसऱ्याच्या वावरात तोंड घालते न, तशीच ही अवलाद." पिंटूभाऊच्या मोटारीला तिनं काळा हेला, म्हणजे काळा रेडा, असं नाव दिलं. टाकीवर पाणी चढवायला ती परत न्यायची तर पिंटूभाऊ दारात उभं राहून म्हणायचा, "बाई, माझा हेला सोडा न."

"कोपऱ्यावरच्या निंबाले आंघोळीचं पाणी टाकलं काय?"

"टाकलं न बाई."

"माती तं कोरडी दिसून राह्यली. जा, टाकून ये."

चाळीस माणसांवर हुकूम चालवणारा ठेकेदार बादली घेऊन निंबाकडं जायचा. तो निंब आता माझ्या घरापेक्षा उंच झाला आहे.

कोणाची टाकी वाहू लागली की ही बाई घरून छत्री घेऊन येते. भर उन्हात, त्या धारेखाली छत्री उघडून उभी राहते आणि शांतपणे हाक मारते, "अवो, तुमच्या घरी पाऊस पडून राह्यला. बाहेर या, पाहाले." घरातला माणूस धावत येऊन मोटार बंद करतो. ती छत्री झटकते आणि ते झटकलेलं पाणीही कोणाच्या तरी तुळशीवर पडेल असं पाहते.

कुलरवर तिचा विशेष राग. आमच्याकडं उन्हाळ्यात कुलरशिवाय माणूस भाजून निघतो, हे तिलाही ठाऊक आहे. तिच्या घरी कुलर नाही. ती दुपारची कोणाच्याही घरी जाते, कुलरसमोर पाय पसरून बसते, गार होते आणि मग म्हणते, "हा माणसापेक्षा जास्त पाणी पिते. काऊन पोसता याले?" एकदा आमच्या शेजारच्या शांताबाईनं चिडून कुलर बंद केला. तर कौसाबाई म्हणाली, "मी बोलली म्हणून लगेच बंद कराले पाह्यजे काय? मी गेल्यावर करा."

आणि एका पोरीचं लगीन तिनं मोडलं, ते सांगितलंच पाहिजे. मुलगा पाहायला आला होता, बल्लारपूरकडचा, चांगला नोकरीवाला. जेवण झालं, तो हात धुवायला बाहेर आला, नळ सोडला आणि तेवढ्यात फोन वाजला. हा बोलत राहिला, नळ वाहत राहिला. कौसाबाई ओट्यावर बसून पाहत होती. तिनं नळ बंद केला आणि मुलीच्या बापाला सगळ्यांसमोर सांगितलं, "भाऊ, याले देऊ नोको. हा घर बुडवीन, अन् तेही कोरड्यात." पाहुणे उठून गेले. बाप महिनाभर तिच्याशी बोलला नाही. पोरगी मात्र कौसाबाईला दोन दिवसांनी गुपचूप पेढे देऊन गेली. तिला तो तसाही पसंत नव्हता.

माझी बायको गिरजा आणि कौसाबाई यांचं भांडण हा तर गल्लीचा तमाशा. लोक खुर्च्या घेऊन बसत. नळावर भांडणं सगळीकडं होतात, पण ती 'मी आधी' म्हणून होतात. यांचं भांडण 'तू आधी' म्हणून.

आमचं घर शेवटचं, म्हणजे शेपूट आम्ही. पहिलं पाणी आमचं. गिरजाला ते सहन होईना. तिला वाटे, ही बाई आपल्यावर उपकार करते. ती दारातून ओरडे, "मी का भिकारी आहो काय वं? तुयी दानातली धार मले नोको. तू भर आधी!"

तिकडून कौसाबाई, "मी भरत नाई. तुया आवाज आल्याबिगर कोणीच भरत नाई. बस पाहत."

"माया नळ बंद आहे!"

"माया तं बांधूनच आहे!"

मधल्या घरांचे लोक रिकाम्या बादल्या घेऊन मध्ये उभे. शेवटी कोणीतरी गिरजाच्या हातापाया पडे. मग ती नाक मुरडत नळ सोडे, आणि भरून झालं की अशी ओरडे, "झालं माह्यं! झालं वं बाई तुया मनासारखं!" तो आवाज पार मोठ्या रस्त्यापर्यंत जाई. तो आला की तिच्या अलीकडची शांताबाई नळ सोडे. तिचं झालं की तिच्या अलीकडची. असं पाणी घराघरानं वर सरके आणि सगळ्यात शेवटी कौसाबाई आपल्या नळाचं फडकं सोडे.

मी चौथीपर्यंत शिकलो आणि जिंदगी कोळशाच्या खाणीत घालवली. मला बायकांच्या भांडणात पडायची हौस नव्हती. मी फक्त एवढंच पाहिलं की पाण्याच्या आदल्या दिवशी गिरजा वेणी घट्ट घालून झोपायची.

या हिवाळ्यात गिरजा गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, परत आणली ती तशीच.

सगळी गल्ली दारात जमली. एक कौसाबाई आली नाही. तेराव्यालाही आली नाही. लहान पोट्टंही तोंड पाहून गेलं, आणि जिच्याशी गिरजा इतकी वर्षं बोलली, म्हणजे भांडली, ती नाही. माझ्या मनात ते काट्यासारखं बसलं. मी ते कोणाला बोललो नाही. एटापल्लीहून मुलगी आली होती, ती म्हणाली, बाबा, माझ्यासंग चला. मी म्हटलं, नाही. ती गेली. घर असं झालं की भांडं पडलं तर तेवढाच आवाज.

त्यातच पाऊस मागच्या सालीही कमी झालेला. एक दिवसाआड येणारं पाणी होळीच्या आधीच तीन दिवसाआड झालं. पाण्याचा दिवस आला, नळ सुं सुं करू लागला, वरून हाक आली, "शेपूट ओलं झालं काय होऽ?" मी खाटेवर पडून होतो. मला काय करायचं होतं पाणी? उठलो नाही. हाक परत आली. परत आली. मी भिंतीकडं तोंड केलं.

गल्ली थांबली. कोणी नळ सोडला नाही, कारण शेपटाचा आवाज आला नव्हता. पाणी आलं तसं पाइपातच राहून गेलं आणि सगळी घरं कोरडी. लोक रागावले, पण ज्याची बायको नुकतीच मेली त्या बुढ्याला बोलणार कोण? पुढच्या पाण्यालाही तेच झालं. शांताबाईनं दार वाजवलं, मी हो म्हटलं आणि पडून राहिलो.

मग निंबाखाली बैठक भरली. मला हात धरून नेलं. पिंटूभाऊ बोलला, आणि वाईट बोलला नाही. "मारोतीभाऊ एकटे आहेत. त्यायले कितीक पाणी लागते? त्यायचं घर बारीतून काढू. मायावाला माणूस दोन गुंड रोज त्यायच्या घरी नेऊन देईन. बाकीच्यायनं काऊन तहानेनं मरावं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही म्हटलं, "काढा. मले नोको काही."

कौसाबाई काठीवर हनुवटी ठेवून बसली होती. ती उठली. "शेपूट कापाले निघाले तुमी? आज याचं घर काढलं. उद्या शांता पोरीकडं गेली, तिचं काढा. मंग साहेबाची बदली झाली, त्याचं काढा. असं कापत कापत माया घरापावतर या. मंग मी एकटीच भरतो. झालं?"

पिंटूभाऊ जमिनीकडं पाहत म्हणाला, "बाई, पुढच्या पाण्याले मारोतीभाऊनं आवाज देला तं ठीक. नाई तं मी मोटार लावतो. माया घरी लहान पोट्टे आहेत."

त्यानं लावली की सगळे लावणार, हे सगळ्यांना कळत होतं. आणि मग पुन्हा कोणाचं तरी कपाळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाई माझ्या दारात. गिरजा गेल्यावर पहिल्यांदा. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"मारोतीभाऊ, उद्या आवाज द्या."

"मले पाणी लागत नाई. एक तांब्या प्यायले, एक बादली आंघोळीले."

"आंघोळ तं केलेली दिसत नाई."

माझं डोकं फिरलं. कितीतरी दिवसांत मी कोणावर ओरडलो नव्हतो. "गिरजाचं तोंड पाहाले तं आल्या नाई, अन् माही आंघोळ पाहाले आल्या काय? लाज वाटत नाई काय जी? शेजारीण म्हणवता?"

मला वाटलं, आता ही दुप्पट ओरडेल. ती उंबऱ्यावर बसली. काठी बाजूला ठेवली.

"त्या दिवशी पाण्याचा दिवस होता, मारोतीभाऊ," ती म्हणाली. "तुमाले कुठी ध्यान राहीन."

ती बोटांवर मोजू लागली.

"तिले आंघोळ घातली, त्याले पाणी लागलं. घाटावरून लोक आले, सगळ्यायनं आंगण्यात आंघोळ केली, त्याले लागलं. घर धुतलं. हांडपंपावर कोणी गेलतं काय? नळ तुमच्याच घरी चालून राह्यलता. मी तिकडं रस्त्यावर उभी होती. सगळ्यायचे नळ बंद ठेवले. कोणालेच एक बादली भरू देली नाई. तोंड पाहाले आली असती, अन् तेवढ्यात एकानं मोटार लावली असती, तं गिरजा अर्ध्या आंघोळीची गेली असती. तेराव्यालेही पाण्याचाच दिवस होता."

ते मला आत्ता आठवलं. बायका भरत होत्या, ओतत होत्या, आणि नळ अंगठ्याएवढ्या धारेनं चालत होता. आमच्या नळाला तशी धार कधी येत नाही. मी ती पाहिली होती आणि पाहिली नव्हती.

मी आत जाऊन तिला पाणी आणून दिलं. ती प्यायली आणि लगेच रागावली, "शिळं आहे."

मग म्हणाली, "मले एक गोष्ट बोलाची आहे. पाणकर तोंडाशी राहणारा चालत नाई. तो शेपटाचाच लागते. मायं घर तोंडाशी. मी शेवटी भरतो, तरी लोक म्हणतेत, बुढी दार लावून आधीच भरत असन. म्हणन्यात त्यायचं चुकत नाई. मी गिरजालेच पाणकर कराची म्हणत होती. काय आवाज होता तिचा!"

"मंग तिले सांगितलं काऊन नाई?"

"सांगाले सुरू करो तं भांडण लागे. अन् भांडण इतकं चांगलं चाले का मंग इसरूनच जावो." ती हसली, आणि मग पदरानं नाक पुसलं. "आता मी हाक देतो, तिकडून कोणी शिव्या देत नाई. नुसती हाक जाते, अन् येत नाई."

ती उठली. काठी घेतली नाही. मी म्हटलं, काठी राहिली. ती म्हणाली, "राहू द्या," आणि गेली.

पाण्याच्या दिवशी मी सकाळीच आंघोळ केली, शिळं पाणी संपवलं. नळ सुं सुं करू लागला. नळाला आधी खोकला आला, मग पिवळं पाणी, मग चांगलं. एक गुंड भरला, दोन बादल्या भरल्या. दारात येऊन ओरडलो, "झालं!" आवाज असा निघाला की फक्त समोरच्या कुत्र्यानं मान वर केली. दुसऱ्यांदा ओरडलो. शांताबाईनं हात वर केला आणि नळ सोडला.

मग मी काठी घेऊन निघालो. प्रत्येक दारासमोर थांबायचं, नाव घेऊन बारी सांगायची, भरून झालं की पुढं. माझे गुडघे खाणीतले आहेत, गल्ली चढाची आहे. साहेबांच्या दारात मी त्यांचं नाव विसरलो आणि "बँकवाले" म्हटलं. त्यांनी बादली घेऊन बाहेर येत मलाच विचारलं, "शेपूट ओलं झालं ना काका?" आणि स्वतःच हसले.

पिंटूभाऊच्या दारात टाकीसाठी म्हणून सोडवून आणलेला काळा हेला पाइपाला जोडून तयार होता. पिंटूभाऊचा हात बटनावर. दम लागला होता, बोलताही येत नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, वायर काढून गुंडाळली आणि म्हणाला, "बसा भाऊ जरासाक. मंग सांगा मायी बारी." मी त्याच्या ओट्यावर बसलो, दम खाल्ला आणि सांगितली. त्याच्या पोट्ट्यांनी हातानं गुंड भरले. पाणी पुरलं. मागच्या गल्लीतल्या दोन बायका कोपऱ्यावर उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी विचारलं, आमच्याकडं कसं लावायचं हे? मी म्हटलं, कौसाबाईला विचारा.

पोहोचलो एकदाचा वर. तिचा नळ बांधलेला, दार अर्धं लोटलेलं. रोज रस्त्यावर दिसणारी बाई आज बाहेर नाही. मी काठी टेकली आणि हाक मारली, "कौसाबाई, तुमची बारी आली होऽ!"

आतून काही नाही. दाराच्या फटीतून तिचा पदर दिसत होता. ती तिथंच उभी होती, गुंड कमरेवर घेऊन.

"ऐकू नाई आलं काय जी?"

"आलं न."

"मंग नळ सोडा. पाणी जाईन."

"सोडतो. आधी आणखी एकदा बोला."

गल्लीतल्या एकूणएक घराची बारी इतकी वर्षं तिनं सांगितली. तिची सांगायला कोणी नव्हतं. तिच्या घरात तिचं नाव घेणारं माणूस कधीचंच राहिलं नव्हतं, हे मला दारात उभं राहून कळलं.

मी घसा खाकरला, आणि पार शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिचं नाव घेतलं.